इस्त्रीच्या वायरीला घातलेली खोळ

नाव : वरच्या ओळीत हवालदारांनी लिहून घेतले आहे. घरात आणि घराबाहेर मला भोवरा म्हणतात.

वय : बावीस.

धंदा : ठरलेला नाही. आधी ट्रकवर क्लीनर होतो, मग बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलत होतो, मग तंबूवाल्याबरोबर गावोगाव.

राहणार : थोरल्या बहिणीच्या घरी, तळमजल्यावर तीन खोल्या, शेजारी किल्ल्या करून देणाऱ्याचे दुकान. आज सकाळपर्यंत.

मी समक्ष विचारल्यावरून सांगतो की, हा जबाब मी कालच द्यायला हवा होता. साहेबांनी मला काल सकाळी बोलावले होते आणि मी घरातून निघालोही होतो. वाटेत एक माणूस छत्र्या दुरुस्त करत बसला होता, त्याच्याजवळ उभा राहिलो. एका मोडक्या छत्रीची काडी काढून तो दुसऱ्या मोडक्या छत्रीला बसवतो, त्यामुळे त्याला नवीन सामान लागतच नाही. ते बघण्यात बराच वेळ गेला. मग ठाण्याच्या फाटकापर्यंत आलो तर आतल्या बाकावर, कोठडीत असलेल्या वायरमनची बायको डबा घेऊन बसलेली दिसली. तिने मला ओळखले. म्हणाली, "तू त्या शिलाईवाल्या घरातला ना? आत चालला असशील तर एवढं बघून ये, सकाळचा डबा त्यांनी खाल्ला का." मी हो म्हणालो आणि आत न जाता परत गेलो. त्यानंतर दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा निघालो, पण पोचलो नाही.

हवालदार म्हणतात छत्रीवाल्याचे लिहायचे काही कारण नव्हते. पण खाडाखोड करायची नाही असेही त्यांनीच सांगितले आहे, म्हणून राहू देतो. जबाब लिहून घेणारे हवालदार रजेवर आहेत. या हवालदारांनी माझे अक्षर बघून कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "तूच लिही, मी समोर बसतो. फक्त फिरायला जाऊ नकोस." माझी शाळा नववीत सुटली. लिहिण्यात चूकभूल असेल, सांगण्यात नाही.

माझी बहीण, म्हणजे ताई, घरीच शिलाईचे काम करते. तिच्या घरात ती, तिचे यजमान म्हणजे माझे भावोजी, आणि भावोजींचे वडील, ज्यांना सगळे नाना म्हणतात, असे तिघे राहतात. भावोजी लाकडी सामानाच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. मी मधूनमधून तिथे येऊन राहतो. आलो की नाना म्हणतात, "आला भोवरा. दोरी कुठे सोडून आलास?" या खेपेला हिवाळ्याच्या सुरुवातीला आलो तो अजून आहे.

पुढची खोली शिलाईची आहे. तिथे मोटर लावलेल्या तीन मशिनी, कापडाच्या कडा बांधायचे एक ओव्हरलॉकचे मशीन, दोन दिवे, एक पंखा आणि खिडकीखाली इस्त्रीचे टेबल आहे. हे टेबल लोखंडी चौकटीचे असून वर घोंगडी आणि पांढरे कापड ताणून बांधलेले आहे. भिंतीत मात्र प्लग लावायची जागा एकच. त्यामुळे तिथून एक एक्स्टेन्शन बोर्ड, त्याला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, असे करत वायरी सगळ्या जमिनीवर पसरलेल्या होत्या. ओव्हरलॉकच्या वायरीवरचे वेष्टण मशिनीच्या पायाखाली घासून घासून फाटले होते आणि आतले तांबे दिसत होते. त्यावर ताईने शिलाईची फीत गुंडाळली होती. खोलीत शिरणाऱ्याला सगळे जण आधी "वायर, वायर" असे ओरडायचे आणि मग या-बसा म्हणायचे. गिऱ्हाइकेही सरावली होती.

वायरींचे ते जंजाळ एकदाचे निस्तरायचे कसे, यावर घरात बोलणे व्हायचे आणि विरून जायचे. मग नाना एका वायरीत पाय अडकून पडले. लागले फारसे नाही, पण पडताना त्यांनी टांगलेले झगे धरले आणि तीन झगे अंगावर घेऊन ते मशिनीखाली सापडले. ताईने त्याच दिवशी वायरमनला बोलावले.

या वायरमनला आमच्या भागात मेनस्विच म्हणतात. तो कुठल्याही घरात शिरला की बस म्हणायच्या आधी मेन स्विच बंद करतो, फ्यूज उपसतो आणि शर्टाच्या खिशात घालतो. मग वर्तमानपत्र, पाणी, गप्पा. मागे एकदा फ्यूज खिशातच विसरून तो मेहुणीच्या घरी मुक्कामाला गेला आणि एका घरातली माणसे घामाघूम होऊन बसली, असे सांगतात. वेळेवर येणे त्याला माहीत नाही. बोलणे फार. काम चालू असताना दुसऱ्याच्या घरचे सगळे सांगतो, म्हणजे आपल्या घरचे तिसरीकडे सांगत असणार. हे मी त्याच्या बाजूने लिहीत नाही, जसे आहे तसे लिहितो.

मेनस्विचच्या हाताखाली मी होतो. शिडी धरणे, भिंतीतली धूळ झाडणे, खिळे देणे. त्याने पुढच्या खोलीत भिंतीच्या कडेने पांढरी केसिंग पट्टी ठोकली, म्हणजे वायरी आत बसतात आणि वरून झाकण बसते. प्लगच्या जागा वाढवल्या. मशिनीच्या टेबलाखालून वायरी क्लिपांनी वर उचलून धरल्या, जमिनीवर एकही ठेवली नाही. ओव्हरलॉकची फाटकी वायर कापून टाकली आणि नवीन घातली. इस्त्रीची वायर लोंबकळून टेबलावर घासू नये म्हणून भिंतीत एक आकडा मारून तिला तिथून खाली सोडली. इस्त्रीच्या आणि मशिनीच्या ज्या वायरी मोकळ्या हलतात त्यांना त्याने स्प्रिंगसारखी गुंडाळी असलेली प्लास्टिकची नळी घातली.

शेवटी त्याने मेन बोर्डाजवळ एक नवीन स्विच बसवला. त्याला तो ट्रिपर म्हणतो. वीज वायरीतून कुठेही गळायला लागली की हा आपोआप खाली पडतो आणि घर बंद होते. भावोजी म्हणाले, "हे कशाला आणखी?" मेनस्विच म्हणाला, "साहेब, तुम्हाला नाही कळणार वीज कुठून गळतेय ते. याला कळतं. हा पडला की याच्यावर चिडायचं नाही, मला बोलवायचं." मग त्याने ट्रिपरवरचे बारीक बटण आम्हा प्रत्येकाला एकेकदा दाबायला लावले. दाबले की स्विच पडत होता. नानांनी दोनदा दाबले. हा स्विच त्या दिवशी जोडलेला होता आणि चालत होता, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, माझ्या बोटाने पाहिले आहे.

पंचनाम्यात कपाटामागच्या केसिंग पट्टीचे एक टोक उघडे असल्याचे आले आहे. ते खरे आहे. झाकणाचा तुकडा कमी पडला, उद्या आणतो म्हणाला आणि आला नाही. पण त्या टोकात वायर नव्हती. पट्टी जास्त लांब कापली गेली होती, एवढेच. शंका असल्यास कपाट पुन्हा सरकवून पाहावे.

आता खोळीचे सांगतो. प्लास्टिकच्या त्या नळीवर ताई पहिल्या दिवसापासून नाराज होती. नळीच्या कडा धारदार होत्या. इस्त्री फिरवताना नळी कापडावरून घासली की धागा ओढला जायचा. एका लग्नाच्या झग्याचे गुळगुळीत कापड असे ओढले गेले आणि ताईला पुढचा सगळा भाग बदलून द्यावा लागला. तिने नळ्या काढून टाकल्या. मी म्हणालो, "मेनस्विचला विचार तरी." ती म्हणाली, "त्याला विचारलं तर तो बोलत बसेल. वायर झाकायचीच आहे ना? मला कापड झाकता येतं."

तिने उरलेल्या अस्तराच्या पट्ट्या कापल्या आणि वायरींना खोळी शिवल्या. शिवलेली खोळ टोकाकडून सरकवून घालावी म्हटले तर प्लग मोठा असल्याने खोळ त्यावरून जात नव्हती. प्लग काढायचा म्हणजे पुन्हा वायरमन. म्हणून तिने पट्टी वायरीभोवतीच गुंडाळली, कडा आत दुमडल्या, टाचण्या लावल्या आणि जागच्या जागी हाताने शिवत गेली, जसे बाहीला अस्तर लावतात तसे. शिवण पुढे सरकेल तशी एकेक टाचणी काढायची, अशी तिची पद्धत आहे. ती टाचण्या ओठांत धरते. ओठांत टाचण्या असल्या की तिला बोलता येत नाही, म्हणून भावोजींशी काही बिनसले की ती टाचण्यांचे काम काढते, असे नाना म्हणतात.

खोळी दिसायला छान झाल्या होत्या. निळ्या, आणि दोन्ही टोकांना पायपिंग. काज करायला येणाऱ्या काकू म्हणाल्या, "मास्तरीणबाई, माझ्या परकराला पण एवढं पायपिंग नाही हो." गिऱ्हाइके हात लावून बघायची. एकीने आपल्या घरच्या वायरींसाठी शिवून मागितल्या. मलाही ते चांगलेच वाटले होते.

या काकूंबद्दल सांगायचे तर त्या एकट्या राहतात आणि ताईकडे रोज दुपारी काज-बटणाचे काम करतात. मशीनचे काज त्यांना आवडत नाही. हाताने काज करतात, तेही चष्म्याशिवाय. काम संपले की राहिलेले कपडे इस्त्री करून देतात, कारण ताईची कंबर दुखते. चपला दाराबाहेर काढतात. एका वाडग्यात पाणी घेऊन बोटांनी कपड्यावर शिंपडतात. फवारणीची बाटली दिली तर म्हणतात, "मला काय झाडं धुवायचीत?"

खोळी शिवल्यानंतर ट्रिपर पडायला लागला. नेहमी नाही. इस्त्री चालू असली आणि वायर हलली की पडायचा. मशिनी बंद, दिवे बंद, पंखा बंद. दिवसातून एकदा, मग दोनदा, मग मोजायचे सोडले. ताईची नेमकी घाई चालू होती. एका शाळेच्या समारंभाचे कपडे द्यायचे होते. ती मशिनीवरून ओरडायची, "पडला!" आणि मी जाऊन उचलायचो. मी दोनदा म्हणालो की मेनस्विच म्हणाला होता, पडला की बोलवा. भावोजी म्हणाले, "तो म्हणणारच. त्याचाच स्विच, त्याचंच येणं-जाणं. नाजूक माल लावून गेलाय."

त्याच सुमारास नाना एकदा खिडकीशी उभे राहायला गेले आणि टेबलाच्या कडेला हात लागताच मागे सरकले. म्हणाले, "हे टेबल चावतं रे."

भावोजी म्हणाले, "नाना, टेबलाला दात तरी आहेत का?"

नाना म्हणाले, "मला तरी कुठे आहेत? तरी तुझी आई म्हणायचीच ना, चावतो म्हणून."

सगळे हसले. मीही हसलो. काकू दोरा तोंडात धरून हसत होत्या.

सोमवारी संध्याकाळी, उजेड असताना, भावोजी कारखान्यातून आल्या आल्या स्विच पुन्हा पडला. ते स्टूल घेऊन मेन बोर्डाकडे गेले. मला टेस्टर आणि चिकटपट्टी आणायला सांगितली. त्यांनी मेन बंद केला, ट्रिपरच्या वरच्या आणि खालच्या वायरी सोडवल्या, एकमेकींना पिळून जोडल्या आणि चिकटपट्टी गुंडाळली. मग मेन चालू केला. म्हणाले, "केलं डायरेक्ट. आता पड म्हणावं." स्टूल मी धरले होते. म्हणजे ट्रिपर बोर्डावर दिसत होता, पण त्यातून वीज जात नव्हती. पंचनाम्यात जो जोड दाखवला आहे तो हाच. तो वायरमनने केलेला नाही. भावोजींनी केला आहे आणि मी तो होताना पाहिला आहे. त्या वेळी दुसरे कोणी तिथे नव्हते. ताई आत चहा करत होती. ती आतून म्हणाली, "झालं का?" भावोजी म्हणाले, "झालं."

मंगळवारी दुपारी मी पायरीवर बसलो होतो. शेजारचा किल्लीवाला एका कुलपाशी झटापट करत होता, ते बघत होतो. आत ताई मशिनीवर होती. काकू इस्त्री करत होत्या. काकूंचे काहीतरी बोलणे चालले होते, भाचीच्या सासूबद्दल, आणि ते वाक्याच्या मध्येच थांबले. ओरडणे वगैरे काही आले नाही. ताईने पाहिले तर काकूंचा डावा हात टेबलाच्या चौकटीला चिकटलेला आणि त्या सगळ्या हलत होत्या. ताई धरायला धावली. मी आत येऊन ताईला ढकलले, ती कपड्यांवर पडली. कापायच्या टेबलावरची लाकडी मीटरपट्टी घेऊन मी काकूंच्या हातावर मारली. दोनदा मारावी लागली. मग हात सुटला आणि त्या खाली पडल्या. मी इस्त्रीचा प्लग उपसला. वाडगे सांडले होते आणि जमीन ओली होती. काकूंचे पाय अनवाणी होते. तळहात भाजलेला होता. श्वास होता.

किल्लीवाल्याने त्याची गाडी काढली. भावोजींना कारखान्यात फोन केला, ते थेट दवाखान्यात गेले. काकूंबरोबर किल्लीवाला आणि शेजारची बाई गेले. गाडीत जागा नव्हती म्हणून मी मागे राहिलो. घरात ताई, मी आणि आतल्या खोलीत नाना.

ताई कपड्यांवरून उठून मशिनीशी बसली. मग तिने इस्त्रीची वायर मांडीवर घेतली आणि उसवायला लागली. मी म्हणालो, "ताई, राहू दे, हात लावू नकोस, पोलीस विचारतील." तिने ऐकले नाही किंवा ऐकू गेले नसेल. एकेक टाका ती सावकाश काढत होती, जसे गिऱ्हाइकाचे महागाचे कापड उसवतात. साधारण मध्यावर तिचा हात थांबला. खोळीच्या दुमडीत एक टाचणी राहिली होती. आडवी गेली होती, वायरीत घुसून. टोक आत आणि डोके बाहेर, कापडाच्या विणीतून जेमतेम वर आलेले. वायर आकड्यावरून खाली येते तिथे ही जागा बरोबर टेबलाच्या चौकटीला टेकत होती.

ताईने ती टाचणी उपसली, उजेडात धरली. मग पिनकुशनमध्ये खोचली. तिथे शंभरेक टाचण्या आहेत. आता त्यातली कुठली ती, हे मला सांगता येणार नाही. खोळ तिने घडी करून कात्रणांच्या पिशवीत टाकली.

पोलीस आले तेव्हा वायर उघडी होती. त्यांना वायरीवर बारीक भोक दिसले, जोड दिसला, कपाटामागचे उघडे टोक दिसले. भावोजी त्याआधी थोडा वेळ घरी आले होते. त्यांनी मला, नानांना आणि ताईला स्वयंपाकघरात उभे केले आणि सांगितले, "ट्रिपर मेनस्विचनेच असा सोडला होता. त्याने सांगितलं लावला, आपण मानलं. वायरही त्यानेच टांगली. समजलं ना?" मी म्हणालो, "भावोजी, पण." ते म्हणाले, "पण काय? काकूंचं सगळं आपण बघू, दवाखान्यापासून औषधापर्यंत. त्यात मी कमी करणार नाही. पण खोळ हिने शिवलेली, उद्या हिला नेलं तर? शिवणारा हात एकच आहे या घरात. आणि तू काय, तू पुढच्या महिन्यात कुठल्या तंबूखाली असशील, तुझं तुला माहीत नाही."

ते बोलत असताना मी ताईकडे बघत होतो. तिच्या ओठांत टाचण्या नव्हत्या. तरी ती काही बोलली नाही.

भावोजी वाईट आहेत असे मला लिहायचे नाही. त्यांनी मला कधी जेवायच्या वेळी कामाबद्दल विचारले नाही. दवाखान्यात काकूंच्या उशाशी रात्रभर तेच बसले होते. ते जे सांगत होते ते कोणासाठी सांगत होते, हे मला कळते. पण ते सांगणे खरे नाही, आणि मला विचारले आहे ते खरे काय, एवढेच.

वायरमनला मंगळवारी संध्याकाळी घरून आणले. मी गल्लीच्या तोंडाशी होतो. एरवी इतका बोलणारा माणूस, तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मी डायरेक्ट करत नाही, कोणालाही विचारा, मी डायरेक्ट करत नाही." मग मी दिसल्यावर म्हणाला, "या पाहुण्याला विचारा, हा होता माझ्याबरोबर." त्या वेळी कोणी मला विचारले नाही आणि मी पुढे झालो नाही. हवालदार सांगतात की उद्या त्याला पुन्हा कोर्टापुढे उभे करणार आहेत. ट्रिपर न जोडता जोडला असे खोटे सांगून एका बाईच्या जिवावर बेतेल असे काम केले, असा त्याच्यावर आरोप आहे. तो शाबित झाला तर त्याचा परवाना जाईल आणि तो आत जाईल. ट्रिपर त्याने जोडला होता हे सांगणारा त्याच्या बाजूने आजपर्यंत एकही माणूस आलेला नाही, असेही हवालदारांनी सांगितले.

काकूंना मी काल संध्याकाळी भेटलो. ठाण्यात यायला निघालो होतो तो दवाखान्यात गेलो. त्या शुद्धीवर आहेत. डाव्या हाताला मोठे बँडेज आहे. त्यांना तो दिवस नीट आठवत नाही. त्यांनी मला विचारले की शाळेचे कपडे वेळेवर गेले का. मग म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात दोन बोटं वाकणार नाहीत बहुतेक. डावाच आहे. कापड धरायला लागतो फक्त." थोड्या वेळाने म्हणाल्या, "धरायला लागतोच म्हणा." मी तिथे ठेवलेली संत्री सोलून दिली आणि निघालो.

आज सकाळी ताई मशिनीवर बसायच्या आधी मी कात्रणांच्या पिशवीतून ती खोळ काढली. ताई दारात उभी होती. तिने पाहिले. मी खोळ खिशात घातली आणि चपला घातल्या. ती म्हणाली, "जेवायला येशील?" मी म्हणालो, "बघतो." तिने मला अडवले नाही. खोळ या जबाबासोबत देत आहे. निळ्या अस्तराची, दोन्ही टोकांना पायपिंग, मधल्या भागात टाचणीएवढे भोक आणि भोकाभोवती कापड करपलेले आहे.

हवालदारांनी विचारले की टाचणी मुद्दाम ठेवली होती का. नाही. माझ्या बहिणीने आजवर कोणाच्या कपड्यात टाचणी ठेवून कपडा दिलेला नाही. गिऱ्हाइकाचा कपडा देताना ती आतून हात फिरवून बघते, म्हणजे कुठे टोचू नये. वायरीच्या खोळीत हात फिरवता येत नाही. हवालदारांनी हेही विचारले की तुझा वायरमनशी काही संबंध, देणेघेणे, मैत्री आहे का. नाही. तो मला आवडतो असेही नाही. मी शिडी धरली असताना त्याने दोनदा माझ्या बोटांवर पाय दिला.

पुढे कुठे राहणार, असे विचारले. ते अजून ठरवलेले नाही. निरोप द्यायचा असल्यास किल्लीवाल्याकडे द्यावा, मला मिळेल.

वरचा सगळा मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला आहे. हवालदारांनी तो मला पहिल्यापासून मोठ्याने वाचून दाखवला. एका ठिकाणी त्यांनी काकूंचा हात उजवा वाचला, तो मी दुरुस्त करून घेतला. बाकी मी सांगितले तसेच कागदावर आहे. कोणी धाक दाखवला नाही, कोणी शिकवले नाही.

सही करायच्या आधी एवढे जोडतो, कारण हवालदार म्हणाले, लिहून टाक, नाहीतर नंतर दोन्ही जबाबांची वेळ जुळणार नाही. आत्ता दारावरचा शिपाई आत येऊन सांगून गेला की बाहेर माझी बहीण आली आहे. एकटीच आली आहे, चालत. वायरमनच्या बायकोशेजारी बाकावर बसली आहे. शिपायाने तिला विचारले, भावाला भेटायचंय का. ती म्हणाली, "नाही. त्याने काय लिहिलंय तेही मला सांगू नका. आधी माझं लिहून घ्या."